आपल्या मतमोजणीला बाहेरगावचा पंच चालेल का?

भीमाकाठ
मागच्या आठवड्यात माळशिरस तालुक्यात पाहुण्यांकडे गेलो होतो. जेवणं झाल्यावर अंगणात बसलो आणि विषय परत मारकडवाडीवर गेला. बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. विधानसभेचा निकाल 23 नोव्हेंबर 2024 ला लागला. गावातले आकडे बऱ्याच लोकांना पटले नाहीत, म्हणून 3 डिसेंबरला मतपत्रिका छापून गावानेच परत मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली, बंदोबस्त आला आणि ते मतदान झालं नाही. गाव ज्या उमेदवाराच्या बाजूने बोलत होतं तो तालुक्यातून निवडून आलेला होता, हे मुद्दाम नोंदवतो. म्हणजे प्रश्न जिंकण्या-हरण्याचा नव्हता, आपल्या गावच्या आकड्यावर विश्वास बसत नव्हता, एवढाच होता.

पाहुण्यांचे वडील ऐंशीच्या पुढचे आहेत. ते म्हणाले, "वाटणीच्या भांडणात पंच बाहेरगावचाच बोलवावा लागतो. गावातला कितीही चांगला असला तरी कुणाचा तरी भाऊबंद असतो."

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. नेपाळ, श्रीलंका, केनिया, किती देशांत परदेशी निरीक्षक येतात, मतदान बघतात, अहवाल देतात. आपल्याकडे का नको? माझं मत सरळ आहे: यावेत. मोजणी खरी असेल तर पाहुण्याने बघितल्याने तिचं काय झिजतं? आणि खोटी असेल तर कुणीतरी बघितलेलं बरं. तुम्हाला काय वाटतं?

चादरवाला_अशोकचौक
पहिला. मालक, विषय लै भारी काढलाव. गोरा माणूस आमच्या बूथवर आला तर रांग सोडून सगळे फोटो काढायला जाणार, एवढं मात्र नक्की.

होटगीरोडचे_मास्तर
भीमाकाठ, तुमच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण अर्धी माहिती राहिली. बाहेरचा पंच आपल्याकडे आहेच. प्रत्येक निवडणुकीत आयोग दुसऱ्या राज्यातले आयएएस अधिकारी सामान्य निरीक्षक म्हणून पाठवतो. पोलीस निरीक्षक वेगळा, खर्च निरीक्षक वेगळा. सोलापूरला आलेला निरीक्षक सोलापूरचा नसतो, महाराष्ट्र केडरचाही नसतो.

मी आजवर सात निवडणुका केल्या, त्यातल्या चार केंद्राध्यक्ष म्हणून. आदल्या दिवशी साहित्य वाटपाच्या मंडपात उन्हात उभं राहायचं, यंत्रं, सीलं, शाई, पाकिटं मोजून घ्यायची, एसटीत बसून गावात जायचं, शाळेच्या फरशीवर झोपायचं. पहाटे पाचला उठून प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांचा मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, घ्यायचा, चिठ्ठ्या मोजून दाखवायच्या, यंत्र पुसून सील करायचं. एका निवडणुकीत मंगळवेढ्याच्या बाजूला होतो. दुपारी दीड वाजता निरीक्षक आले. कुणालाच कल्पना नव्हती. त्यांनी मला काही विचारलं नाही. सरळ मतदार नोंदवही उघडली, शेवटच्या दहा सह्या बघितल्या, यंत्रावरचा एकूण आकडा बघितला, दोन्ही जुळवले आणि मग प्रतिनिधींना बाहेर नेऊन विचारलं, "सकाळी मॉक पोलला किती मतं टाकली?" तिघांनी एकच आकडा सांगितला. पाच मिनिटांत गाडी पुढे गेली. बघायचं कसं हे त्या माणसाला माहीत होतं. परदेशी पाहुण्याला ते जमेल का, ही माझी शंका आहे.

वकील_सातरस्ता
मास्तरांच्या मुद्द्याला कायद्याची जोड देतो. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 मध्ये कलम 20ब आहे, 1996 च्या दुरुस्तीने आलेलं. त्यात निरीक्षकाला खरा अधिकार दिलाय. बऱ्याच केंद्रांवर बूथ बळकावल्याचं त्याच्या मते घडलं असेल तर तो मोजणी थांबवायला किंवा निकाल जाहीर न करायला निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला सांगू शकतो. पुढचा निर्णय आयोगाचा.

परदेशी निरीक्षकाला असा कुठलाच अधिकार नसतो. 27 ऑक्टोबर 2005 ला न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांत या कामाची तत्त्वं जाहीर झाली. त्यात स्पष्ट आहे की निरीक्षकाने कामात ढवळाढवळ करायची नाही. बघायचं, लिहायचं, सांगायचं. तो पंच नसतो, साक्षीदार असतो. भीमाकाठ, तुमच्या पाहुण्यांच्या वडिलांची उपमा सुंदर आहे, पण पंच निवाडा देतो. हा देत नाही.

पूर्वभागचा
साक्षीदार म्हणा, पंच म्हणा, बाहेरच्या माणसाचा उपयोग होतो हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आमच्या पूर्व भागात निम्म्या घरांत तेलुगू बोलतात. एका निवडणुकीच्या आधी आठ-दहा दिवस एक निरीक्षक साहेब आले. यादीचं काम बघत गल्लीतून चालत होते. बरोबरचे लोक मराठीत "सगळं ठीक आहे साहेब" म्हणत होते. आमच्या शेजारची अत्ता (आत्या) दारात विड्या वळत बसली होती. साहेबांनी तिला एकदम तेलुगूत विचारलं, "अम्मा, तुमचं नाव आलंय का?" अत्ताने हातातलं काम खाली ठेवलं आणि अख्ख्या गल्लीचं गाऱ्हाणं सांगितलं. एकाच घरातल्या सासूचं नाव एका शाळेत, सुनेचं दोन किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाळेत. वारलेल्या नवऱ्याचं नाव आहे, जिवंत दिराचं नाही. साहेबांनी तिथंच उभ्या उभ्या लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी बीएलओ, म्हणजे यादीचं काम करणाऱ्या कर्मचारी, घरोघर आल्या.

हीच गाऱ्हाणी आम्ही दोन वर्षं इथल्या लोकांना सांगत होतो. इथल्यांनी ऐकलं नाही, बाहेरच्याने ऐकलं. त्याला इथं कुणाला सांभाळायचं नव्हतं.

जुळे_सोलापूर
@पूर्वभागचा, वाचून अंगावर काटा आला. माझ्या आईचं नाव 2019 ला असंच गायब होतं. चाळीस वर्षं मतदान केलेली बाई केंद्रावरून परत आली आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही.

तिरंगा_1930
मला हा विषयच खटकतो. या शहरात 1930 साली मार्शल लॉ लागला. 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले. कशासाठी? आपला कारभार आपण बघू, यासाठी. आणि आता आपणच गोऱ्यांना बोलावून विचारायचं की बाबा, आमची निवडणूक बरोबर झाली का?

हेही विसरू नका की आपणच दुसऱ्यांच्या निवडणुका करून दिल्यात. आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. 1951-52 ची निवडणूक त्यांनी पार पाडली, जेव्हा बहुसंख्य मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यानंतर 1953 साली सुदानच्या पहिल्या निवडणुकीसाठी जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला त्याचे अध्यक्ष म्हणून त्यांनाच बोलावलं. ज्या देशाचा माणूस जगाला शिकवायला गेला त्याने आता परीक्षा द्यायची?

भीमाकाठ
@तिरंगा_1930, चार हुतात्म्यांच्या पुतळ्यापुढून जाताना मीही हात जोडतो. पण तुमचंच उदाहरण घ्या. सुदानला सेन गेले तेव्हा सुदानी लोकांची मान खाली गेली का? त्या आयोगात ब्रिटिश होता, इजिप्तचा होता, अमेरिकन होता, सुदानी होते. ब्रिटन आणि इजिप्त अशा दोन मालकांच्या ओढाताणीत सापडलेल्या देशाला तिसरा माणूस लागला, तो आपला होता. आपण जाऊ शकतो तर कुणी येऊही शकतं.

वकील_सातरस्ता
आणि हे फक्त गरीब देशांत होतं असंही नाही. 1990 च्या कोपनहेगनच्या कागदात युरोप, अमेरिका, कॅनडा, सोव्हिएत संघ अशा सगळ्यांनी एकमेकांचे निरीक्षक येऊ द्यायचं मान्य केलं. अमेरिकेच्या निवडणुकांना 2002 पासून याच देशांच्या संघटनेचे (ओएससीई) निरीक्षक जातात. तिथेही तिरंगा_1930 यांच्यासारखा राग येतोच. 2012 ला टेक्सासच्या महाधिवक्त्यांनी तंबी दिली होती की मतदान केंद्राच्या शंभर फुटांच्या आत आलात तर आमच्या कायद्याने खटला भरू.

चादरवाला_अशोकचौक
म्हणजे आपल्या बूथबाहेरची चुन्याची रेघ तिकडं पण आहे म्हणायची.

नैरोबीकर_सोलापुरी
बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आमचं कापडाचं दुकान आहे इथं, वडिलांच्या काळापासून. केनियाचं नाव निघालं म्हणून राहवलं नाही. 2017 ला मी इथंच होतो.

8 ऑगस्टला मतदान झालं. निरीक्षकांची रांग लागली होती. युरोपियन युनियन, आफ्रिकन युनियन, कार्टर सेंटर. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जॉन केरी स्वतः आले होते. दोन-तीन दिवसांत त्यांची पत्रकार परिषद झाली. मतदान चांगलं झालं, काही तक्रार असेल तर कोर्टात जा, शांतता ठेवा, असा सूर होता. आम्ही दुकानं बंद करून घरात बसलेलो. 2007 नंतरच्या दंगली इथल्या माणसाला विसरता येत नाहीत. आम्हाला वाटलं, चला, मोठ्या माणसांनी शिक्का मारला, आता उघडू दुकान.

1 सप्टेंबरला इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक कोर्टाने रद्द करायची आफ्रिकेतली ती पहिलीच वेळ. गोंधळ मतदानात नव्हता, केंद्रावरून आकडे वर पोचवण्यात होता. कोर्टाने सर्व्हर बघू द्या म्हटलं तर निवडणूक आयोगाने पूर्ण बघू दिला नाही. निरीक्षक मतदान केंद्रात उभे होते आणि खरी गोष्ट घडत होती तारेच्या पलीकडे.

म्हणून भीमाकाठ दादा, परदेशी माणूस येऊन "छान झालं" म्हणून गेला की आपलं समाधान होईल असं समजू नका. त्याचा "छान" आपल्या तक्रारीच्या आड येतो कधी कधी. आमच्या शेजाऱ्याला हेच ऐकवत होते, केरी म्हणाले ना, आता तुझं काय?

आफ्रिकेतल्याच मलावी देशाचंही तसंच. 2019 च्या निवडणुकीत निकालाच्या कागदांवर खाडाखोडीचं पांढरं लावून आकडे बदललेले निघाले. निरीक्षकांनी मतदान एकंदर नीट झालं म्हटलं होतं. फेब्रुवारी 2020 मध्ये तिथल्याच न्यायाधीशांनी ती निवडणूक रद्द केली. जूनमध्ये परत मतदान झालं आणि विरोधी उमेदवार जिंकला.

होटगीरोडचे_मास्तर
नैरोबीकर, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. पुढे काय झालं केनियात? काही सुधारलं का?

नैरोबीकर_सोलापुरी
होय सर. इथं प्रत्येक केंद्राच्या निकालाचा एक कागद असतो, फॉर्म 34अ म्हणतात. 2022 ला आयोगाने सगळ्या केंद्रांचे 34अ चे फोटो जसेच्या तसे संकेतस्थळावर टाकले. कुणीही उघडा, कुणीही बेरीज करा. माझी पुतणी कॉलेजात आहे, तिच्या मैत्रिणी रात्रभर बेरजा करत होत्या. ती निवडणूकही कोर्टात गेली, पण यावेळी कोर्टाने निकाल कायम ठेवला.

बँकेतली_ताई
मी सूक्ष्म निरीक्षक म्हणून 7 मे 2024 ला काम केलंय, लोकसभेला. आम्हा केंद्र सरकारच्या आणि बँकांच्या कर्मचाऱ्यांना संवेदनशील केंद्रांवर बसवतात. आम्ही केंद्राध्यक्षाच्या हाताखाली नसतो, अहवाल थेट सामान्य निरीक्षकांना. बोलायचं नाही, अडवायचं नाही, फक्त टिपायचं. शाई लावतात का, ओळखपत्र बघतात का, मतदाराच्या मागे कुणी जातंय का.

अकरा तास नुसतं बघत बसणं फार अवघड असतं. त्या दिवशी सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. दुपारी एक आजोबा आले, दिसत नव्हतं, नातू बरोबर. नियमाने सोबती चालतो, त्याचा फॉर्म भरून घेतात. नातवाने आत जाऊन स्वतःच बटण दाबलं आणि आजोबा बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बाई, मी कुणाला दिलं?" मी ते लिहिलं. पुढे काही झालं की नाही ते मला कळलं नाही, पण त्या आजोबांचा चेहरा अजून डोळ्यांपुढे येतो. बाहेरच्या देशाच्या निरीक्षकाला हे दिसलं असतं का? दिसलं असतं, पण तो प्रश्न मराठीत होता.

आणि एक. त्याच दिवशी महाराष्ट्रात परदेशी पाहुणे आले होते. आयोगानेच 23 देशांतून 75 जण बोलावले होते, सहा राज्यांत मतदान दाखवायला. त्यांना "निरीक्षक" म्हणत नाहीत, "अभ्यागत" म्हणतात.

भीमाकाठ
ताई, हे मला खरंच माहीत नव्हतं. मग अडचण कुठे आहे? येतात तर आहेतच.

वकील_सातरस्ता
फरक मोठा आहे. अभ्यागताला यजमान फिरवतो. निरीक्षकाने कुठे जायचं ते स्वतः ठरवायचं असतं. पूर्ण मोहीम असेल तर दीर्घकालीन निरीक्षक सहा-सात आठवडे आधी येतात. याद्या, प्रचार, पैसा, प्रसारमाध्यमं, तक्रारी, सगळं बघतात. मतदानाच्या दिवसापुरते येतात ते वेगळे.

पूर्वभागचा
तेच म्हणतोय मी. खेळ यादीत असतो. मतदानाच्या दिवशी येऊन काय बघणार?

कॉलेजरोड_राज्यशास्त्र
यावर अभ्यास झालेले आहेत. आर्मेनियात 2003 ला ज्या केंद्रांवर परदेशी निरीक्षक गेले तिथे सत्ताधारी उमेदवाराचा वाटा न गेलेल्या केंद्रांपेक्षा कमी निघाला. म्हणजे बघणाऱ्याचा धाक असतो. घानात 2008 ला मतदार नोंदणीवर निरीक्षक बसवले तेव्हा तिथली खोटी नोंदणी कमी झाली, पण त्यातली काही शेजारच्या, निरीक्षक नसलेल्या केंद्रांकडे सरकली. ते निरीक्षक घानाचेच होते.

दुसरा मुद्दा, बाहेरचे पंच आपसांत एकमत नसतात. झिंबाब्वेत 2002 ला युरोपियन मोहिमेच्या प्रमुखाला देशाबाहेर काढलं, मोहीम परत गेली. राहिलेल्यांत दक्षिण आफ्रिकेच्या निरीक्षकांनी निकाल वैध ठरवला, राष्ट्रकुलच्या निरीक्षकांनी उलट सांगितलं. आता कुणाचं ऐकायचं?

मला सगळ्यात मोलाचं उदाहरण फिलिपिन्सचं वाटतं. 1986 ची निवडणूक. नामफ्रेल नावाची तिथल्याच नागरिकांची संघटना केंद्राकेंद्रावर बसली आणि त्यांनी स्वतःची मोजणी चालवली. सरकारी आकडे सत्ताधारी मार्कोस पुढे दाखवत होते, यांचे विरोधी उमेदवार अक्विनो पुढे. आकडे जुळत नाहीत हे बघून सरकारी मोजणीच्या संगणकांवर बसलेले कर्मचारीच उठून बाहेर पडले. अमेरिकेहून निरीक्षक आले होते, त्यांनी जगाला सांगितलं. पण त्यांना सांगायला आकडा कुणी दिला? मनिलाच्या गल्लीतल्या लोकांनी.

चादरवाला_अशोकचौक
शाईचं कुणी काही बोलंना. ती शाई म्हैसूरला बनते, 1962 पासून. बाहेरच्या देशांत पण जाते. म्हणजे जगाच्या बोटाला आपलीच शाई आहे.

जुळे_सोलापूर
शाईवरून आठवलं, आमच्या आत्याने एका निवडणुकीनंतर कडक भाकरी थापताना बोट दाखवून सांगितलं होतं, "ही जाईपर्यंत तरी त्याने आमचं ऐकावं."

तिरंगा_1930
आत्यांना नमस्कार.
मूळ विषयावर: नैरोबीकर आणि कॉलेजरोड यांनी जे लिहिलं त्याने माझाच मुद्दा पक्का होतो. शेवटी घरच्याच माणसाने पकडलं. मग पाहुणा कशाला?

जुना_पोलिंगएजंट
मग घरच्या माणसाचं बोलू. मी पंचवीस वर्षं एका पक्षाचा मतदान प्रतिनिधी होतो. पक्षाचं नाव महत्त्वाचं नाही.

आपल्याकडे केनियाच्या 34अ सारखा कागद आहे. 17सी. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष त्यात एकूण किती मतं पडली ते लिहितो, यंत्रांचे नंबर लिहितो आणि हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला सही करून प्रत देतो. हा नियम आहे, उपकार नाही. मोजणीच्या दिवशी यंत्र टेबलावर आलं की पहिलं काम म्हणजे यंत्रावरची एकूण मतं आणि 17सी जुळवणं. मी रामवाडीच्या गोदामात मोजणीला बसलोय. ज्याच्या हातात 17सी ची फाईल असते त्याचा आवाज वेगळा असतो.

आणि किती जणांकडे असते? प्रतिनिधी दुपारी जेवायला जातो तो येतच नाही. पाच वाजता पुढाऱ्याचा फोन येतो, "चल, आपलं काम झालं." सगळे निघतात. ती प्रत घ्यायला कुणी नसतं. मग निकाल लागला की यंत्राच्या नावाने ओरडायचं. माझ्याच पक्षातल्या लोकांशी मी यावरून भांडलोय आणि बाजूला झालोय. जीव तुटतो माझा.

बँकेतली_ताई
अगदी खरं. माझ्या केंद्रावर शेवटी दोघंच होते.

कॉलेजरोड_राज्यशास्त्र
पण 17सी मध्ये फक्त एकूण मतं असतात, कुणाला किती ते नसतं. ते मोजणीतच कळतं. मारकडवाडीचा प्रश्न तोच होता ना? व्हीव्हीपॅटच्या (मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या प्रत्येक विधानसभा क्षेत्रात चिठ्ठी टाकून निवडलेल्या पाच केंद्रांच्याच मोजतात, 2019 पासून. सगळ्या मोजा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2024 ला फेटाळली. त्याच निकालात दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रं तपासून मागायची सोय दिली. गावाला ती सोय नाही. उलट जर्मनीच्या घटना न्यायालयाने 2009 ला म्हटलं की मोजणीचे मुख्य टप्पे साध्या नागरिकाला विशेष ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत.

संपादक
यंत्र विरुद्ध मतपत्रिका यावर वेगळा धागा आहे. कृपया तिकडे. दोन प्रतिसाद पक्षावरून वैयक्तिक झाल्यामुळे काढले आहेत.

भीमाकाठ
सगळ्यांचं दोनदा वाचलं. माझं मत पूर्ण बदललं असं नाही. परदेशी निरीक्षक यावेत असं मला अजूनही वाटतं, पण यजमानाने फिरवलेले नकोत, यादीच्या वेळेपासून आलेले हवेत. पूर्वभागच्या अत्ताचं गाऱ्हाणं ज्याने ऐकलं तसा माणूस हवा, तो कुठल्या देशाचा याला नंतर महत्त्व. पण नैरोबीकरांनी सांगितल्यावर हेही पटलं की त्याच्या "छान झालं"ला निकाल समजायचं नाही.

काल पाहुण्यांच्या वडिलांना फोन केला आणि विचारलं, "आबा, 17सी कुणी घेतली होती का आपल्या बूथची?" त्यांनी मुलाला विचारलं, मुलाने शेजाऱ्याला. कुणालाच सांगता आलं नाही. आबा म्हणाले, "मग पंच आला असता तर त्याच्यापुढं ठेवलं काय असतं आपण?"

मी आजवर कधी प्रतिनिधी म्हणून बसलेलो नाही. पुढच्या निवडणुकीत बसायचं म्हणतोय, उमेदवार कुणीही असो, नाव द्यायला तयार आहे. मास्तर, एजंटदादा, नवीन माणसाने काय करायचं ते सांगा.

जुना_पोलिंगएजंट
नेमणुकीचा फॉर्म 10 उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची सही घेऊन आदल्या दिवशीच हातात ठेवा. सकाळी आयत्या वेळी सही शोधत फिरू नका. मतदार यादीची प्रत न्या, गेलेल्या आणि गाव सोडून गेलेल्या लोकांवर आधीच खूण करा.

होटगीरोडचे_मास्तर
साडेपाचला केंद्रावर या, मॉक पोल चुकवू नका. यंत्रांचे आणि सीलचे नंबर स्वतःच्या वहीत लिहा. मोबाईल आत चालत नाही. सहा वाजता दार बंद होतं, पण रांगेतल्या लोकांना शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटतात आणि ते सगळे संपेपर्यंत मतदान चालतं. मग यंत्र बंद, सील, 17सी. आठ वाजतात, कधी नऊ. केंद्राध्यक्ष दमलेला असतो, त्याच्यावर चिडू नका, शेजारी शांत उभे राहा आणि प्रत मागा. दोन वेळचा डबा बरोबर घ्या. जेवायला घरी जायचं नाही.